घरचा संगणक, हातातला मोबाईल आणि खात्याची किल्ली



मुनिरकेतील आमच्या शाखेत एका दुपारी, गर्दी ओसरल्यावर, एक विद्यार्थिनी माझ्या टेबलापाशी येऊन बसली. ती जवळच खोली घेऊन राहते आणि इथे शिकते. तिचे खाते आमच्याकडे होते, पण अडचण वडिलांच्या खात्याची होती. वडील निवृत्त शिक्षक, राहणार सातारा जिल्ह्यात, खाते तिकडच्याच एका बँकेत.

दिवाळीच्या सुट्टीत तिने घरच्या संगणकावर एक ॲप बसवून दिले होते. दिल्लीत परतल्यावर ती आपल्या मोबाईलवरून घरचा संगणक चालवू लागली. विजेचे बिल भरणे, ठेवीचे व्याज जमा झाले का ते पाहणे, निवृत्तिवेतनाचे कागद शोधून देणे ही सगळी कामे मुनिरकेत बसून होऊ लागली. पद्धत साधी होती. ती फोन करायची, "बाबा, ॲप उघडा आणि आकडे सांगा." बाबा आकडे वाचून दाखवायचे आणि 'परवानगी द्या' हे बटण दाबायचे. चार महिने सगळे सुरळीत चालले.

मग एका सकाळी बाबांना दुसराच फोन आला. बोलणाऱ्याने बँकेचे नाव घेतले आणि केवायसी अपुरी असल्याने खाते संध्याकाळपर्यंत बंद होईल असे सांगितले. संगणकावर एक ॲप घ्यावे लागेल, असेही तो म्हणाला. बाबा म्हणाले, "ते ॲप आहे की माझ्याकडे!" समोरच्याचे काम निम्मे झाले. त्याने आकडे विचारले, बाबांनी सवयीने वाचून दाखवले. अर्ध्या तासात मुदत ठेव मोडली गेली आणि १,८०,००० रुपये दोन व्यवहारांत खात्याबाहेर गेले.

मुलीने मला एकच प्रश्न विचारला, "ॲप चुकीचे होते का?" मी म्हटले, ॲप ठीक होते. चुकीची होती ती सवय. कोणी फोन केला की आकडे वाचून दाखवायचे, हे बाबांच्या हाताला आपणच शिकवले होते.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी घरापासून दूर राहणारे कितीतरी मराठी खातेदार आज हीच सोय वापरतात. त्यामुळे ती कशी चालते, कधी वापरावी, कधी टाळावी आणि ती भामट्याच्या हाती लागू नये म्हणून काय करावे, हे या लेखात पाहू.

ही सोय चालते कशी?

घरच्या संगणकावर एक छोटा प्रोग्रॅम बसवला जातो. तो संगणकाच्या पडद्याचे चित्र इंटरनेटवरून तुमच्या मोबाईलवर पाठवत राहतो. मोबाईलवर तुम्ही बोट ठेवले की तो स्पर्श उलट दिशेने घरी पोहोचतो आणि तिथला माऊस हलतो. तुम्ही अक्षर टाइप केले की ते घरच्या संगणकावर उमटते. फाइल मोबाईलवर येत नाही, ती घरीच असते. तुमच्या हातात येतो तो संगणकाचा ताबा.

यासाठी अनेक ॲप आहेत. टीमव्ह्यूअर आणि एनीडेस्क ही दोन्ही जर्मनीतील कंपन्यांची आहेत. गुगलचे 'क्रोम रिमोट डेस्कटॉप' विनामूल्य आहे. मायक्रोसॉफ्टची स्वतःची 'रिमोट डेस्कटॉप' सोयही आहे, मात्र तिने ताबा घेण्यासाठी घरच्या संगणकावर विंडोजची 'प्रो' आवृत्ती लागते, 'होम' आवृत्ती चालत नाही. या सगळ्या कायदेशीर सोयी आहेत. मोठमोठ्या कंपन्यांचे संगणक विभाग त्यांच्यावरच चालतात.

जोडणीचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक नीट समजून घ्या.

पहिला प्रकार तात्पुरत्या मदतीचा. घरी बसलेला माणूस ॲप उघडतो, त्यावर दिसणारा क्रमांक दुसऱ्याला सांगतो, परवानगी देतो आणि मग जोडणी होते. दुसरा प्रकार कायमच्या जोडणीचा. संगणकाच्या मालकाने एकदाच पासवर्ड किंवा पिन ठरवून ठेवलेला असतो. घरी कोणी नसले तरी तो पिन टाकून बाहेरून ताबा घेता येतो.

फसवणुकीत बहुतेक वेळा पहिला प्रकार वापरला जातो, कारण त्यात भामट्याला पासवर्ड चोरावा लागत नाही. माणूस आपणहून क्रमांक सांगतो.

आधी विचारा: संगणक हवा आहे की कागद?

शाखेत या विषयावर बोलताना मी खातेदारांना आधी हाच प्रश्न विचारते. 'घरचा संगणक उघडायचा आहे' असे म्हणणाऱ्या दहापैकी आठ जणांना खरे तर एखादा कागद हवा असतो. व्याजाचा दाखला, ठेवीची पावती, पॅन कार्डाची प्रत किंवा आयकर विवरणाची पोचपावती. त्यासाठी अख्ख्या संगणकाचा ताबा घेणे म्हणजे कपाटातला एक कागद हवा म्हणून घराची किल्ली नेण्यासारखे आहे.

• आधार, वाहन परवाना, गुणपत्रिका यांसारखी कागदपत्रे डिजिलॉकरमध्ये ठेवता येतात. केंद्र सरकारची ही सोय २०१५ पासून सुरू आहे आणि ती मोबाईलवर थेट उघडते.

• खाते उतारा आणि व्याजाचा दाखला बँकेच्या स्वतःच्या मोबाईल ॲपमधून मिळतो.

• कापलेला कर आणि जमा झालेले व्याज आयकर खात्याच्या संकेतस्थळावर 'फॉर्म २६एएस' आणि 'वार्षिक माहिती विवरण' यांत दिसते.

• घरातले जुने कागद एकदा स्कॅन करून क्लाउडवरील एका फोल्डरमध्ये ठेवा. त्या फोल्डरच्या खात्याला मजबूत पासवर्ड आणि दोन टप्प्यांची पडताळणी लावा.

मुनिरकेत राहणाऱ्यांसाठी एक खास सूचना. छापील प्रत हवी म्हणून आपण बेर सरायच्या किंवा गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानात जातो आणि घाईत तिथल्या संगणकावर ईमेल किंवा व्हॉट्सॲप उघडतो. काम झाले की निघतो आणि लॉगआउट करायचे राहून जाते. त्या संगणकावरून घरच्या संगणकाचा ताबा तर कधीच घेऊ नका. हवी ती एकच फाइल मोबाईलवरून दुकानदाराला पाठवा आणि छापून झाल्यावर त्याच्याकडून पुसून घ्या.

खरोखरच गरज असेल तर

काही कामांना संगणकच लागतो. घरच्या दुकानाचा हिशेब संगणकातल्या प्रोग्रॅममध्ये असतो, एखादे जुने सॉफ्टवेअर मोबाईलवर चालत नाही, किंवा आई-वडिलांच्या संगणकात काही बिघाड असतो. अशा वेळी जोडणी नक्की करा, पण पुढील मांडणी पाळून.

१. जोडणी घरी असतानाच बसवा. सुट्टीत गेल्यावर स्वतःच्या हाताने ॲप डाउनलोड करा, तेही कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरून किंवा मोबाईलच्या अधिकृत ॲप स्टोअरमधून. व्हॉट्सॲपवर आलेली लिंक किंवा 'एपीके' फाइल कधीही वापरू नका.

२. घरच्या मंडळींना आकडे वाचायला लावू नका. नियमित कामासाठी तुमचा स्वतःचा पिन असलेली कायमची जोडणी ठेवा. क्रोम रिमोट डेस्कटॉपमध्ये किमान सहा अंकी पिन लागतो. जन्मतारीख, १२३४५६ किंवा एटीएमचाच पिन ठेवू नका. वडिलांना एवढेच सांगा, 'आकडे मी कधीच विचारणार नाही. जो विचारेल तो मी नव्हे.'

३. ज्या गुगल खात्यावर किंवा ॲपच्या खात्यावर ही जोडणी आहे, त्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. ते खाते कोणी उघडले तर घरचा संगणक एका पिनच्या अंतरावर राहतो.

४. संगणकावर कामासाठी वेगळा 'युजर' बनवा. त्यात नेटबँकिंगचे पासवर्ड साठवू नका. ब्राउझरने 'पासवर्ड लक्षात ठेवू का?' असे विचारले तर बँकेच्या बाबतीत उत्तर कायम 'नाही' असेच द्या.

५. मोबाईलला स्क्रीन लॉक लावा आणि ॲपमध्ये पिन साठवू नका. बसच्या गर्दीत किंवा मेट्रोत फोन गेला, तर फोनबरोबर घरचा संगणकही जाता कामा नये. फोन हरवल्यास दुसऱ्या उपकरणावरून आपल्या खात्यात जाऊन तो फोन काढून टाका.

६. राउटरची सेटिंग बदलून संगणक थेट इंटरनेटला उघडा करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नका. अशी उघडी दारे शोधत फिरणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर दिवसरात्र चालू असतात.

व्यवहारातल्या दोन गोष्टीही माहीत असू द्या. घरचा संगणक बंद असेल किंवा झोपेच्या अवस्थेत गेला असेल, तर जोडणी होत नाही. गावी वीज गेली की राउटरही बंद पडतो. त्यामुळे शेवटच्या दिवशी भरायचे बिल किंवा विवरण या सोयीच्या भरवशावर ठेवू नका. दुसरे असे, की अनेक ॲपमध्ये तुम्ही दिल्लीतून जे उघडता ते घरच्या पडद्यावर तिथे बसलेल्यांनाही दिसते. घरी पाहुणे आलेले असताना खात्याची शिल्लक पडद्यावर यायला नको.

आई-वडिलांचे व्यवहार सांभाळायचे असतील तर

इथे बँक अधिकारी म्हणून थोडे स्पष्ट सांगावे लागेल. वडिलांच्या संगणकाचा ताबा घेऊन त्यांच्या नेटबँकिंगमध्ये तुम्ही व्यवहार करता, तेव्हा बँकेच्या दृष्टीने तो व्यवहार वडीलच करत असतात. पासवर्ड कोणालाही सांगू नये या बँकेच्या अटीत मुलगा आणि मुलगीही येतात. पुढे वाद झाला, भावंडांमध्ये गैरसमज झाला किंवा फसवणूक झाली, तर 'मी मदत करत होते' हे सिद्ध करायला तुमच्याकडे कागद नसतो.

त्यासाठी बँकेत रीतसर मार्ग आहेत.

• संयुक्त खाते: 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' या अटीवर खाते चालवता येते. प्रत्येकाला स्वतःचा युजर आयडी आणि स्वतःचा मोबाईल क्रमांक मिळतो. मात्र संयुक्त खातेदार त्या पैशांचा व्यवहार एकट्याने करू शकतो, हे दोघांनीही समजून घेऊनच सही करावी.

• अधिकारपत्र किंवा मुखत्यारपत्र: खाते वडिलांच्याच नावे राहते आणि ठरावीक व्यवहार करण्याचा अधिकार तुम्हाला मिळतो. दिलेला अधिकार वडील परत घेऊ शकतात.

• फक्त पाहण्याची परवानगी: काही बँका शिल्लक आणि उतारा पाहता येईल, पण पैसे हलवता येणार नाहीत, अशी सोय देतात. आपल्या शाखेत विचारा.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे छोटे खाते. रोजच्या बिलांसाठी वेगळे बचत खाते ठेवा, त्यात दरमहा लागेल तेवढीच रक्कम वळती करा आणि ऑनलाइन व्यवहार त्याच खात्यातून करा. निवृत्तीची पुंजी आणि ठेवी दुसऱ्या खात्यात असू द्या. छोट्या खात्याला छिद्र पडले तरी हौद रिकामा होत नाही.

तोच दरवाजा भामटा कसा उघडतो?

फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना एनीडेस्क या ॲपचा गैरवापर करून होणाऱ्या फसवणुकीबद्दल सावध केले होते. भामटा ॲप घ्यायला लावतो, त्यावर येणारा नऊ अंकी क्रमांक विचारतो, मग परवानग्या द्यायला सांगतो आणि खातेदाराच्या फोनवरून व्यवहार करतो, अशी ती पद्धत होती. ॲपचे नाव बदलत राहते, पायऱ्या मात्र त्याच राहतात.

पहिली पायरी भीतीची किंवा लालसेची. 'केवायसी संपली', 'आज रात्री वीज तोडू', 'तुमचा परतावा अडकला आहे' असे काहीतरी सांगितले जाते. कधी तर फोन आपणच करतो. इंटरनेटवर बँकेचा ग्राहक सेवा क्रमांक शोधतो आणि भामट्याने पेरलेला क्रमांक लावतो.

दुसरी पायरी ॲपची. 'मी तुम्हाला मदत करतो, फक्त हे ॲप घ्या.' व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्येही पडदा दाखवण्याची सोय आहे. त्यात समोरच्याला फोन चालवता येत नाही, पण पडद्यावर आलेला ओटीपी वाचता येतो.

तिसरी पायरी छोट्या व्यवहाराची. 'पडताळणीसाठी फक्त १० रुपये भरा.' हे दहा रुपये भरताना तुम्ही जो पिन आणि पासवर्ड टाकता, तेच त्याला पाहायचे असते.

'ओटीपी तर मी कोणालाच सांगितला नाही, मग पैसे गेले कसे?' हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. ओटीपीची रचना एका गृहीतकावर उभी आहे. फोन तुमच्या हातात असेल तर संदेश तुम्हालाच दिसेल, हे ते गृहीतक. पडदा दुसऱ्याला दिसू लागला की ते कोसळते. तुम्ही तोंडाने काही न सांगता ओटीपी त्याच्यापर्यंत पोहोचतो. यालाच आपल्याकडे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणे म्हणतात.

आणखी एक डाव संगणकावर खेळला जातो. ताबा घेतलेला माणूस बँकेच्या पानावर दिसणारा आकडा तात्पुरता बदलून दाखवतो. ५,००० च्या जागी ५०,००० दिसतात. मग तो रडवेला होऊन म्हणतो, 'परतावा चुकून जास्त गेला, माझी नोकरी जाईल, वरचे पैसे परत पाठवा.' प्रत्यक्षात खात्यात काहीच आलेले नसते. जे परत जाते ते तुमचे स्वतःचे असते. म्हणून पडदा दुसऱ्याच्या ताब्यात असताना त्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. शिल्लक एटीएमवर, पासबुकात किंवा दुसऱ्या फोनवरून तपासा.

ठेव ठेवणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. बचत खात्यात पैसे कमी असले तरी नेटबँकिंगमधून ठेव मोडता येते किंवा ठेवीवर कर्ज उचलता येते. भामटे हेच करतात. ऑनलाइन ठेव मोडण्याची सोय बंद ठेवता येते का, हे आपल्या बँकेत विचारून घ्या.

खरा फोन कसा ओळखावा?

रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२५ च्या सूचनेनुसार बँकांनी व्यवहारासंबंधीचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून आणि जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून करायचे आहेत. बँकांच्या संकेतस्थळांचे पत्तेही आता 'डॉट बँक डॉट इन' असे संपतात. या खुणा उपयोगी आहेत, पण सर्वांत पक्की खूण वेगळी आहे. बँकेला तुमचा पडदा पाहण्याची कधीही गरज नसते. तुमचे खाते आमच्या यंत्रणेत आम्हाला दिसतेच. ते पाहायला तुमच्या संगणकात यावे लागत नाही. पडदा मागणारा फोन बँकेचा नसतो. तो तिथेच ठेवा.

घात झालाच तर: पहिला तास

लाज वाटते म्हणून लोक संध्याकाळपर्यंत कोणाला सांगत नाहीत आणि तेवढ्यात पैसे चार खात्यांतून पुढे जातात. शिकलेले, सावध लोकही फसतात. लाज बाजूला ठेवा आणि या क्रमाने कामाला लागा.

१. जोडणी तोडा. राउटर बंद करा, संगणकाची वायर काढा, मोबाईल विमान मोडवर टाका. ॲप बंद करण्यात वेळ घालवू नका.

२. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. कार्डाच्या मागे छापलेला क्रमांक लावा. नेटबँकिंग, यूपीआय आणि कार्ड तिन्ही बंद करून घ्या आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

३. १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. व्यवहार क्रमांक, रक्कम आणि वेळ हाताशी ठेवा. पैसे ज्या खात्यात गेले तिथेच ती रक्कम रोखण्याचा प्रयत्न या यंत्रणेतून होतो. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावरही नोंदवता येते.

४. पोलीस ठाण्यात जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्यानुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात माहिती नोंदवता येते. 'गावी जाऊन तक्रार करा' असे कोणी सांगितले तर हे लक्षात असू द्या.

५. पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. आधी ईमेलचा, मग बँकेचा. ताबा गेलेला संगणक किंवा फोन जाणकाराकडून स्वच्छ केल्याशिवाय त्यावर बँकेचे काम करू नका. संदेश, फोनच्या नोंदी आणि स्क्रीनशॉट मात्र पुसू नका, तो पुरावा आहे.

नुकसान कोणाच्या माथी?

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने याचे नियम घालून दिले. चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तर कुठेतरी तिसरीकडे असेल आणि ग्राहकाने बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तरीही जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवले तर साध्या बचत खात्यासाठी प्रत्येक व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० रुपये आणि मूलभूत बचत खात्यासाठी ५,००० रुपये.

ग्राहकाने स्वतःच पासवर्ड किंवा ताबा दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. कळवल्यानंतर जे जाईल ते मात्र बँकेचे. म्हणूनच कळवण्याच्या वेळेला एवढे महत्त्व आहे. फोन केव्हा केला याची नोंद ठेवा. प्रत्येक बँकेचे याबाबतचे धोरण लेखी असते. ते शाखेत मागून वाचा, तो तुमचा हक्क आहे.

बँकेने तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

त्या विद्यार्थिनीच्या वडिलांच्या बाबतीत मुलीने तासाभरात बँकेला आणि १९३० ला फोन केला. त्यामुळे दुसऱ्या व्यवहारातले ६०,००० रुपये पुढच्या खात्यात अडवता आले. पहिल्या व्यवहाराचे १,२०,००० रुपये तोवर काढले गेले होते. ते परत आले नाहीत.

नंतर ती पुन्हा शाखेत आली तेव्हा तिने नवी मांडणी सांगितली. बिलांसाठी वेगळे छोटे खाते उघडले आहे, ठेव दुसऱ्या खात्यात आहे आणि ती ऑनलाइन मोडता येत नाही. घरच्या संगणकावर तिची स्वतःची पिनची जोडणी आहे, पण तिथे बँकेचे कोणतेही काम होत नाही. बाबांनी संगणकाला एक चिठ्ठी चिकटवली आहे, 'आकडे कोणालाही सांगायचे नाहीत. मुलीलासुद्धा.'

आज करायची पाच कामे

• आई-वडिलांच्या संगणकावर आणि फोनवर ताबा देणारे एखादे ॲप पडून आहे का ते पाहा. वापरात नसेल तर काढून टाका.

• ब्राउझरमध्ये साठवलेले बँकेचे पासवर्ड पुसा.

• बँकेच्या ॲपमध्ये रोजच्या व्यवहाराची मर्यादा गरजेपुरती खाली आणा. वापरत नसाल तर कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद ठेवा.

• १९३० आणि बँकेचा क्रमांक घरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावा. संकटाच्या वेळी फोनच हाताबाहेर गेलेला असतो.

• आज रात्री घरी फोन कराल तेव्हा एवढे नक्की सांगा: बँकेला आपला पडदा पाहावा लागत नाही. जो पाहायला मागतो, त्याचा फोन बोलणे अर्धवट सोडून ठेवला तरी चालेल. त्यात कसलाही उद्धटपणा नाही.